दारावरची वाकडी शेळी

अण्णा, मी आता कॉमिक काढते. म्हणजे चौकटीचौकटीत चित्रं काढून गोष्ट सांगायची, आणि लोकांनी ती मोबाइलवर वाचायची. तुम्ही म्हणाला असता, पाटी न्हाई, भिंत न्हाई, मग रंग लावतीस कुठं? रंगसुद्धा मोबाइलमधलाच, अण्णा. हाताला डाग पडत नाही, त्यामुळे काम केल्यासारखं वाटत नाही, हे मात्र खरं. तर मोबाइलवर एक खेळ आहे. दूरच्या एका ग्रहावर माणसांची वस्ती असते, जमीन हादरते, सगळं पडतं, आणि खेळणाऱ्यानं ती वस्ती पुन्हा उभी करायची. पोरं त्यात जेवणखाण विसरतात. त्या खेळावर मराठीत कॉमिक काढायचं काम खेळाच्या कंपनीकडून लातुरात घरबसल्या माझ्याकडे चालून आलं. वस्ती पडते आणि पुन्हा बांधतात एवढं ऐकलं आणि मी हो म्हणाले. पुढचं त्यांनी काय सांगितलं ते माझ्या कानात शिरलंच नाही.

कारण मला ते किल्लारीकडचं नवं गाव दिसायला लागलं होतं. भूकंपानंतर वसवलेलं. तुम्हाला तिथल्या दारांवर घरनंबर लिहायचं काम मिळालेलं, आई माहेरी गेलेली, म्हणून मीही तुमच्यासोबत. ओळीनं सारखी घरं, सारखी दारं, झाड म्हणून नाही. तुम्ही एकेक आकडा असा काढताय की त्याच्याकडे बघत राहावं. तेवढ्यात एक म्हातारी येऊन उभी राहते. "पेंटर, मला आकडं कळत न्हाईत. समदी घरं एकसारखी. काल मी दुसऱ्याच्याच घरात जाऊन चूल पेटवली बग." तुम्ही हसत नाही. ती म्हणते, "माजी शेळी दगडाखाली गेली. ती काढ दारावर, मंजी मला घर घावंल."

आता अक्षरं काढावीत तर तुम्ही, पण जनावर म्हटलं की तुमचा हात अडायचा. नंबराखाली तुम्ही जी शेळी काढलीत तिचे कान वर, शेपूट लांब आणि एक पाय चक्क जास्त. मी म्हणाले, "अण्णा, शेळीचे कान खाली असतेत." तुम्ही म्हणालात, "गप ऱ्हा." मी खाली बसून फरशीवर खडूनं शेळी काढली, नीट, कानांसकट. तुम्ही एकदा बघितलंत आणि म्हणालात, "चालंल." तुम्ही सगळ्यालाच चालंल म्हणायचात. मी दहावीला पहिली आले तेव्हाही चालंलच.

म्हातारीचं बघून अख्खी गल्ली आली. कुणाला सायकल हवी, कुणाला बादली, कुणाला विळा. तुम्ही सगळ्यांना काढून दिलंत. संध्याकाळी साहेब आले आणि ओरडले, "सरकारी नंबराखाली हे कुत्रं कुणी काढलं?" सगळं पुसायला लावलं. रॉकेलात फडकं बुडवून तुम्ही सायकल पुसलीत, बादली पुसलीत, विळा पुसलात. शेळीपाशी आलात आणि थांबलात. म्हणालात, "ही वाळलीय साहेब. आता निघत न्हाई." ती वाळली नव्हती. रंगानं माखलेलं बोट तुम्ही पाठीमागं लपवलेलं, आणि मी तुमच्या पाठीमागंच उभी होते.

म्हणून कॉमिकच्या पहिल्या भागात मी एका घराच्या नंबराखाली तुमची शेळी काढली. तशीच, पाच पायांची. खेळात दारांवर नुसते नंबर आहेत, हे मला ठाऊक होतं.

भाग आला आणि मी तुमचा नियम पाळला. पाटी लावली की तुम्ही समोरच्या हॉटेलात बसायचात, अर्धा चहा मागवायचात आणि येणारे-जाणारे काय म्हणतात ते ऐकायचात. आपण पेंटर हे सांगायचं नाही. "पाटी बोलंल, आपुन न्हाई बोलायचं." मीही चहा घेऊन बसले आणि खाली वाचकांनी काय लिहिलंय ते वाचायला लागले. बाप रे, काय एकेक लोक! एकानं लिहिलं, हेल्मेटची काच निळी हवी, हिरवी कशी? उमरीच्या एका पोरानं यानाचे नटबोल्ट मोजून दोन कमी असल्याचं कळवलं. आणि मग शेळी. परग्रहावर शेळी कुठून आली? खेळात शेळी नाहीच. आमच्या खेळाची वाट लावली. दुसरा म्हणाला, अहो ती शेळी नाही, कुत्रं आहे. त्यावर जी भांडणं जुंपली, विचारू नका. उदगीरच्या एका बाईंनी छातीठोक सांगितलं की त्यांच्या घरी शेळ्या आहेत आणि हे डुक्कर आहे. मला हसू आवरेना.

पण दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या बाईंचा फोन आला. फार गोड बोलतात त्या. "मॅडम, फॅन नाराज आहेत. सोमवारपर्यंत ती शेळी काढून टाका. जमत नसेल तर पुढचे भाग आम्ही दुसऱ्याला देऊ." पुसणं म्हणजे एका बोटाचं काम होतं, अण्णा. इथं रॉकेलसुद्धा लागत नाही. मी शेळीवर बोट नेलंही. पण मला ती चूल आठवली, चुकलेल्या घरात पेटवलेली.

तेव्हा भर दुपारी, कुकर शिट्ट्या मारत असताना, मी तुमचा नियम मोडला. तुमच्या नावानं खातं उघडलं, तुमचा ब्रश हातात घेतलेला फोटो लावला, आणि तुमच्या बोलीत लिहिलं. म्हातारीचं, चुलीचं, साहेबांचं. "शेळी मी काढलेली हाय. मला जनावर येत न्हाई, त्यात पोरीचा काय दोस?"

संध्याकाळपर्यंत सगळा नूरच पालटला. हेल्मेटवाल्यानं लिहिलं, काका, माफ करा. नटबोल्टवाल्यानं आपल्या दारावर काय काढलं असतं त्याचं चित्र पाठवलं: कुकर. मग तर रीघच लागली. कुणी चप्पल, कुणी ट्रॅक्टर, कुणी आजीचा चष्मा. उदगीरच्या बाई तेवढ्या डुकरावर ठाम राहिल्या. कंपनीच्या बाईंचा फोन आला, "मॅडम, शेळी राहू द्या. पुढच्या भागात आणखी दारं दाखवता येतील का?" मी म्हणाले, गल्लीच्या गल्ली दाखवते. आणि दाखवली. सायकल, बादली, विळा, तुम्हाला पुसावं लागलेलं सगळं. काल तो भाग आला. लई दिवसांनी मी पोटभर जेवले.

आता एकच झालंय. लोक तुम्हाला विचारतायत. काका, हा भाग आवडला का? काका, कुठं आहात? तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली हे मी तिथं कुणालाच सांगितलेलं नाही. काल मी तुमच्या नावानं "चालंल" एवढंच लिहिलं, आणि लोक त्यावरही खूश.

हे पत्र पाठवायचं कुठं, म्हणून ब्रशांच्या डब्यात ठेवते. पण एक सांगायचं राहिलं. त्या दुपारी तुमच्या नावानं लिहिलं ना, त्यात शेवटी मी आणखी एक ओळ घातली होती: "पोरीनं माज्यापेक्षा झ्याक काढलंय." ते तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. मीच लिहिलं, मीच वाचलं, आणि कुकर करपेपर्यंत रडले. आज ती ओळ तेवढी पुसायला गेले होते, अण्णा. पण ती वाळलीय. आता निघत न्हाई.