डावीकडचे पट्टे

धुळे,
ता. १८ नोव्हेंबर २०२४

चि. सुपडूस,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तिकडेही ठीक असेल असं धरतो. अकरा वर्षांत विचारलं नाही, आता चार ओळी त्यातच कशाला घालवू. थंडी पडलीय, गुडघा धरतो. झालं.

हे पत्र घेऊन तुझ्या पहूरच्या गॅरेजवर योगराज सर येतील. कॉलेजातून रिटायर झालेले. तेच, ज्यांच्या जुन्या मिनीबसचं आपण दोघा भावांनी मोटारहोम करून दिलं होतं. ती गाडी अजून चालते. धुळ्यात चांगलं दोन मजली घर असताना हा माणूस बसमध्ये झोपतो. बायको लिलाबाई. तिने खिडक्यांना झालरीचे पडदे लावलेत, आत तुळशीची कुंडी, आणि कुंडीला पट्टा बांधलाय, ब्रेक मारल्यावर पडायला नको म्हणून. मी म्हटलं, एवढी हौस आहे तर घरालाच चाकं लावा. दोघं हसले. असल्या लोकांना बोललेलं लागतही नाही.

मागच्या सोमवारी आले. गतिरोधकावर खालून काहीतरी घासलं म्हणे. आधी एका चकाचक गॅरेजला दाखवलं होतं. तिथे पोरांनी सांगितलं, पाण्याची टाकी बदला, त्यासाठी आतली फरशी उखडा. आजकालच्यांना पाना धरता येत नाही, कोटेशन तेवढं येतं.

टाकीला काही झालेलं नव्हतं. तिला खालून धरणारे डावीकडचे दोन्ही पट्टे गेले होते. पट्टे ज्याचे केले होते तो लोखंडी अँगल हाताने दाबला तर पापडासारखा मोडला. दोनशे लिटरची टाकी एका बाजूने लोंबत होती. हायवेवर सुटली असती तर मागच्या मोटारसायकलवाल्याचं काय झालं असतं ते लिहीत नाही.

उजवीकडचे दोन्ही पट्टे मात्र जसेच्या तसे.

योगराज सर मोबाईलची बॅटरी लावून खाली घुसले. वर येऊन म्हणाले, "नाना, उजवी बाजू कोणी केली? काय काम आहे!"

मी म्हटलं, "मी."

लिलाबाई बाजूलाच चहा गाळत होती. तिने विचारलं, "आणि डावी?"

"होता एक. काढून टाकला त्याला."

"बरं केलंत," ती म्हणाली आणि मला बिस्कीट दिलं. मी खाल्लं.

आता तू म्हणशील, म्हातारा पहिल्यापासून असाच. असेल. पण तूही काही कमी नव्हतास. तेव्हा दुसऱ्या दिवशी हीच गाडी द्यायची, आणि तू ट्यूबचं रबर कापत बसलास. पट्टा टाकीला घासायला नको म्हणून मधे रबर. अँगलचं तोंड खाली केलंस. "नाना, माती साचस तठे," म्हणालास. मला त्या नखऱ्यांची चीड आली. माझी बाजू दुपारीच झाली होती. दुसऱ्या एका गिऱ्हाइकासमोर मी म्हटलं, "नवरीले मेंदी लाई ऱ्हायना का?" सगळे हसले. तू हसला नाहीस. संध्याकाळी म्हटलं, उद्यापासून येऊ नको. तूही मोठा शहाणा, खरंच आला नाहीस. पेटी उचलून पहूरची गाडी धरलीस.

माझ्या अँगलमध्ये बोटभर माती होती. अकरा वर्षांची. भिजलेलीच.

असो. तीन दिवस लागले मला. तुझ्या बाजूचं माप घेतलं, अँगल पालथा घातला. रबर तुझ्यासारखं सरळ कापता येत नाही, चार तुकडे फुकट गेले. वेल्डिंग दोनदा काढून पुन्हा केलं, माझं मलाच आवडलं नाही. गॅरेजमधली पोरं मागे उभी राहून बघत होती. मेंदीचं कोणी बोललं नाही, त्यांना ठाऊकच नाही. टाकी काठोकाठ भरून खराब रस्त्याने फिरवून आणली. हलली नाही. तरी मला भरवसा नाही.

गुरुवारी ते अजिंठ्याला निघतात. पहूर वाटेवरच आहे. मी सांगितलंय, तिथे सुपडूला एकदा खालून दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. कोण सुपडू, लिलाबाईने विचारलं. भाऊ, म्हटलं. पुढचं तोंडातून निघेना. म्हणून लिहायला बसलो.

पाकीट चिकटवलेलं नाही. मुद्दाम. त्या बाईला प्रत्येक गोष्टीत नाक घालायची सवय आहे, जळगाव यायच्या आत ती चष्मा लावून सगळं वाचून काढेल. वाचू दे. तू तिला वेगळं काही सांगत बसू नको. तिने बिस्कीट दिलं तर तू घे.

मग चटई टाक आणि गाडीखाली जा. माझ्या कामाला नानाचं काम म्हणून सोडू नको. पटलं नाही तर काढून टाक.

डावी बाजू करणारा,
चुडामण