चारांतलं एक नापास

१९ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी हो, बरं, ठेवतो यापलीकडे बोलत नाही, पत्रात मात्र माझं तोंड सुटतं, तेव्हा पत्रच लिही, असा तुझा हुकूम आला. त्याप्रमाणे लिहायला बसलो आहे. तुझे चिरंजीव, म्हणजे माझे भाचे श्रीयुत गुंड्या, समोरच बसले आहेत. पण आमचा चार दिवसांपासून अबोला आहे. मीठ हवं असलं तरी तो भिंतीला सांगतो आणि भिंत मला सांगते.

तू ऐकलंस ते खरं आहे. आमच्या कारखान्याचं दिवाळं निघालं. मालकांनी कोर्टात कागद दिले, कोर्टानं एक साहेब नेमून पाठवला. पहिल्याच दिवशी तो सात नवी कुलुपं घेऊन आला, म्हणून त्याचं नाव कुलूपसाहेब पडलं. माणूस वाईट नाही. फक्त चहाच्या कपाटालाही कुलूप लावलं, ते कुणाला रुचलं नाही.

आम्ही गाडीच्या ब्रेकमध्ये बसणारी रबरी सील बनवतो. (तू अजून त्यांना बांगड्या म्हणतेस, म्हण.) ज्या गाडी कंपनीला ती जातात, तिनं घाबरून शेवटची चाळीस हजार मागून घेतली आहेत, दुसरा कुणी बनवणारा सापडेपर्यंत पुरावीत म्हणून. तेवढी झाली की ती कंपनी आपले साचे उचलून नेणार. साचे गेले की आमच्या रबर दाबायच्या प्रेस म्हणजे नुसतं लोखंड. हे काम ११ मार्चला संपतं. आणि १४ मार्चला एक पार्टी कारखाना विकत घ्यायच्या विचारानं बघायला येणार आहे. त्या दिवशी प्रेस तापलेल्या असल्या, माणसं कामात दिसली, तर ती पार्टी माणसांसकट कारखाना घेईल, असं सगळ्यांचं म्हणणं.

मधले तीन दिवस कुठून आणायचे, याचा विचार एकतीस डोक्यांनी केला आणि एकतीसच्या एकतीस डोकी माझ्याकडे वळली. सत्तावीस वर्षं मी मापाचं गेज लावून यांचा माल तपासतोय. सत्तावीस वर्षं हे मला नापासमास्तर म्हणतायत. मी लाल क्रेटमध्ये एक सील टाकलं की माझ्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. तीच माणसं आता हात जोडून म्हणतात की मास्तरांनी जरा जास्त नापास करावं. चारांतलं एक नापास झालं तर तेवढी सील पुन्हा बनवावी लागतील आणि काम १४ तारखेपर्यंत पुरेल.

मी नाही म्हटलं. वाईट तुकडा टाकताना मला कधी काही वाटलं नाही, पण चांगल्याला वाईट म्हणायला हात उठत नाही. त्यावर तुझा मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला की मामांना गेजपुढे माणूस दिसत नाही. तेव्हापासून ही भिंत.

दाजींना नमस्कार. माझ्या हट्टापायी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
बापू


२३ फेब्रुवारी

चि. बापूस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. भिंतीला माझा आशीर्वाद सांग. दोन पुरुषांना सांभाळते बिचारी.

काय म्हणे, हात उठत नाही! अरे, आईनं आणलेल्या चार पेन्सिलींपैकी तीन तू दुकानदाराला परत करायला लावल्या होत्यास. मी शिवलेल्या सदऱ्याची डावी कॉलर उजवीपेक्षा एक सूत मोठी, म्हणून तो सदरा अजून घडीसकट कपाटात आहे. आणि मुली बघायला जायचो ते दिवस तर नकोतच आठवायला. सहा जणींना नाही म्हणालास. सातवीला हो म्हणालास, तर तिनंच तुला लाल क्रेटमध्ये टाकलं. जन्मभर ज्यानं नापास करण्यापलीकडे काही केलं नाही, त्याला चार दिवस तेच कर म्हटलं तर हात दुखतो होय!

थट्टा झाली. आता खरं लिहिते. गुंड्यानं मला सगळं कळवलं आहे. त्यानं बाहेर चार ठिकाणी विचारलं. सगळीकडे विशी-बाविशीची पोरं हवीत आणि हा चौतीसचा. हे तो तुला सांगणार नाही. बारा वर्षं मामाच्या दोन खोल्यांत राहतो, त्यात आता नोकरीही गेली तर मामाच्या तोंडाकडे कसं बघू, असं त्यानं लिहिलंय. ते वाचल्यावर हे अर्ध्या ताटावरून उठले.

बापू, मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. सदरा घाल एवढंच म्हटलं होतं, तेही तू ऐकलं नाहीस. आज मागते. हा खोटेपणा आहे, मला कळतं. पण वाईट तुकडा पास कर असं मी म्हणत नाही, तसं जन्मात म्हणणार नाही. चांगले तुकडे थोडे वाया जाऊ देत. त्यानं कुणाच्या गाडीचा ब्रेक निकामी होणार नाही, उलट एकतीस घरं तरतील. त्यांतलं एक माझं आहे, म्हणून माझा जीव तुटतो, हेही लपवत नाही.

नाही म्हणालास तरी माझा राग दोन दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही, हे तुला ठाऊक आहे. जपून राहा.

तुझी,
अक्का


२८ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. सातवीचा उल्लेख टाळला असतास तरी चाललं असतं.

तुझ्यासाठी करतो. परवा सोमवारपासून चारांतलं एक. कुणाला सांगणार नाही, गुंड्यालाही नाही. त्याला कळलं तर तो प्रेसपाशी गाणी म्हणायला लागेल आणि कुलूपसाहेबांना संशय येईल. तूही त्याला कळवू नकोस.

आज जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर सराव करून पाहिला. चांगलं सील उचललं, लाल क्रेटमध्ये टाकलं. मग ते पुन्हा बाहेर काढून पुसून जागेवर ठेवलं. असं चारदा झालं. पाचव्यांदा डोळे मिटून टाकलं तेव्हा कुठे जमलं. या वयात चोरी शिकायची म्हणजे सोपं नाही, आणि गुरू म्हणून सख्खी बहीण मिळाली.

माया असू दे. यापुढे जास्तच लागेल.

तुझा,
बापू


५ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांना दाखवू नकोस. किंवा दाखव, पण मी घरी आलो की त्यांच्या हातात काही जड देऊ नकोस.

परवा सकाळी माझ्या प्रेसचा ट्रे मामांकडे तपासायला गेला. साठ सील होती, त्यातली पंधरा लाल क्रेटमध्ये पडली. साठांतली पंधरा, आणि माझी! आई, बारा वर्षं मी तीच प्रेस चालवतोय. महिन्यात माझी पंधरा जात नाहीत. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला वाटलं, आमचा अबोला आहे त्याचा मामा असा सूड उगवतायत. मी लाल क्रेट उचलला, मामांच्या पुढ्यातलं गेज उचललं, तरातरा जिना चढलो आणि सगळी सील कुलूपसाहेबांच्या टेबलावर ओतली. त्यांना म्हटलं की मोजून बघा, यातलं एक जरी वाईट निघालं तर मी आजच्या आज घरी जातो.

साहेबांनी चष्मा लावून पंधराच्या पंधरा मोजली. सगळी पास. मी छाती काढून मागे वळलो, तर जिन्याखाली अख्खा कारखाना गोळा झालेला. सीलच्या कडेचं जादा रबर कापणाऱ्या आमच्या कात्रीमावशी कपाळाला हात लावून उभ्या होत्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

ज्यासाठी मी तुला गळ घातली, तेच मी स्वतःच्या हातांनी नेऊन साहेबांपुढे ओतलं. साहेबांनाही सगळं उमगलं असणार. त्यांनी चष्मा काढून मामांकडे बघितलं. मग म्हणाले की मास्तरांनी आता डोळे तपासून घ्यावेत. तेवढंच. लाल क्रेटमधला माल पुन्हा मोजून चांगल्यात घ्यायला लावला. म्हणजे काम ११ तारखेलाच संपणार.

मला कुणी एक शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. मी मावशींची माफी मागायला गेलो, तर त्या म्हणाल्या की त्यांचा ट्रे परत आला असता तर त्याही वर गेल्या असत्या.

घरी आल्यावर मामा जेवायला बसले आणि भिंतीला म्हणाले की आज भाजीत मीठ अगदी बरोबर पडलंय. बारा वर्षांत माझी भाजी पास झाल्याची ही पहिली वेळ. मी उठून त्यांना आणखी भाजी वाढली.

तुझा आशीर्वाद असू दे. अक्कल कुठे मिळत असली तर तीही पाठव.

तुझा,
गुंड्या


८ मार्च

चि. बापूस,
अ. उ. आ. वि. वि.

गुंड्याचं पत्र आलं. आधी हे पोट धरधरून हसले, मग पत्राची घडी करून खिडकीपाशी जाऊन बसले. मीही शिलाई बाजूला ठेवली. तुझ्याकडून मी नको ते करवून घेतलं आणि साहेबानं तुला सगळ्यांसमोर आंधळा ठरवलं. चूक माझी आहे. फार वाईट वाटलं का रे? खरं लिही.

तसे तू डोळे तपासून घेच. मागच्या पत्रातल्या तुझ्या ओळी डोंगर चढत होत्या.

१४ तारखेचं लगेच कळव. टपाल आलं नाही की माझा राग पोस्टमनवर निघतो आणि त्याची बायको माझं गिऱ्हाईक आहे.

तुझी,
अक्का


१६ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू विचारलंस म्हणून लिहितो. वाईट वाटलं नाही. गुंड्या जिना चढत होता तेव्हा त्याला अडवायला हवं होतं, पण मी नुसता बघत राहिलो. सत्तावीस वर्षं माझी समजूत होती की या कारखान्यात मालाची काळजी मला एकट्यालाच, बाकीचे माझ्या धाकानं नीट काम करतात. तसं नव्हतं. आपला चांगला तुकडा कुणी वाईट म्हटला तर नोकरी विसरून भांडायला उठणारी ही माणसं होती. मला ते कारखाना बंद होताना कळलं, म्हणजे डोळे खरंच तपासायला हवेत. तुझ्या मुलाचा मला अभिमान वाटतो. आम्ही आता बोलतो.

११ तारखेला शेवटचं सील झालं आणि साचे गेले. १४ला कुणाला बोलावणं नव्हतं, पगार नव्हता, तरी एकतीसच्या एकतीस आले. इस्त्रीचे गणवेश घालून आले. थंड प्रेस पुसल्या. मावशींनी कात्र्यांना तेल दिलं. पार्टीची दोन माणसं दहाला आली. त्यांनी प्रेसकडे बोट केलं ते एवढंच विचारायला, की हे सामान कधी हलणार. त्यांना गोदाम हवं होतं. छप्पर, जमीन आणि ट्रक आत येईल एवढं दार. प्रेस तापून लाल झालेल्या असत्या तरी त्यांनी हेच विचारलं असतं. तेव्हा तू स्वतःला दोष देणं थांबव. गुंड्यालाही मी हेच सांगितलं.

त्यांच्यातल्या तरण्या मुलानं पिशवीतून लांब टेप काढली आणि दुसरं टोक धरायला माणूस शोधला. मीच जवळ होतो. मी टोक मागच्या भिंतीला लावून धरलं आणि तो दारापर्यंत गेला. वाटेत रिकामे क्रेट पडलेले, त्यामुळे टेप जमिनीला टेकवता येईना. ती मधे झोळीसारखी लोंबत होती. तो तसाच आकडा लिहायला लागला. मी ओरडून सांगितलं की माप जास्त येतंय. तो हसून म्हणाला की काकांनी एवढं मनावर घेऊ नये, थोडंफार चालतं. मी म्हटलं की इथे चालत नाही.

तेव्हा गुंड्या पुढे आला आणि टेपखाली हात धरून उभा राहिला. मग मावशी आल्या. मग एकेक करून सगळे आले, दोन-दोन पावलांवर, मागच्या भिंतीपासून थेट दारापर्यंत. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. टेप सरळ झाली. आकडा चार बोटं कमी भरला, पण बरोबर भरला.

त्या मुलानं लिहून घेतलं, वही मिटली, आभार मानले. तरी कुणी हात खाली घेईना. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. शेवटी मलाच टोक सोडावं लागलं.

दाजींना नमस्कार. आम्ही दोघं रविवारी तुझ्याकडे येतो आहोत. माया तेवढी हाताशी ठेव.

तुझा,
बापू