माहेरची पेटी

महापे, नवी मुंबई
१२ फेब्रुवारी २०२४

ती. उदयदादास,
प्रियदर्शिनीचा सा. न. वि. वि.

द्राक्षांच्या पेटीची पोच द्यायला उशीर झाला. पण दादा, जीव थाऱ्यावर नाही बघ. आमच्या लॅबमध्ये विक्रीआधी तपासायला आलेल्या द्राक्षांचा रस बारीक नळीतून सोडतात. नळीतली प्रतिपिंडं फवारणीचं औषध तेवढं धरून ठेवतात, साखर आणि रंग वाहून जातो. मग धरलेलं औषध सोडवून मोजायचं. ताडून बघायला बिनफवारणीचा रस लागतो. मी सरांना छातीठोकपणे सांगितलं, माझ्या माहेरी घरच्यासाठी एक ओळ राखलेली असते, तिला औषधाचा थेंबही लागत नाही. आठवडाभर आपल्याच पेटीतला रस वापरला. आज बघते तर त्यातच औषध! नळी बदलली, तरी तेच. खरं सांग, फवारलंस का? तसं असेल तर माझं काही खरं नाही.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी प्रिया

खटाव
१७ फेब्रुवारी

चि. प्रियास अनेक आशीर्वाद.

फोनवर आईला तुझं नीट ऐकू येत नाही, म्हणून तुझं पत्र नेहमीसारखं तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी नाही गं फवारलं. आईच हसत म्हणाली, मी आपल्या गड्याला, विलासला सांगून औषध मारून घेतलं. गेल्या साली भुरी पडलेले घड होते, तसले लेकीच्या सासरी कसे धाडायचे? मग तोंड उतरवून विचारत होती, चुकलं का माझं? मी नाही म्हटलं.

आईचे तुला आशीर्वाद.
उदय

महापे
२२ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

सरांना सगळं सांगितलं. आपला रस शुद्ध धरून त्याच्याशी ताडल्यामुळं बाकीच्यांच्या द्राक्षांतलं औषध कमी दिसलं. नापास व्हायचा माल पास होऊन गेलाही. कुणाकुणाच्या पोराबाळांनी खाल्ला असेल रे! सर ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. उद्यापासून येऊ नका, एवढंच म्हणाले. आता दुसरी लॅब तरी मला कशाला घेईल? आईवर राग नाही, तिनं मायेनंच केलं. पण तिला हे कळता कामा नये. हे पत्र वाचून दाखवू नकोस.

प्रिया

खटाव
२७ फेब्रुवारी

चि. प्रियास,

अगं वेडे, ते वाक्य अगदी शेवटी का लिहिलंस? आई समोर बसलेली, आणि मी बैलोबा मोठ्यानं वाचत सुटलो. जीभ आवरली तोवर तिचं सगळं ऐकून झालं होतं. सकाळी विलासला घेऊन मळ्यात गेली आणि उभी राहून ती ओळ बुडातून तोडून घेतली. मी आडवा गेलो, तर म्हणाली, लेकीच्या पोटावर पाय दिलाय मी. जेवण नावालाच आहे. तू ये बाई, दोन दिवस राहून जा. मला ती बधत नाही.

दर पत्रात तिचे आशीर्वाद लिहितो, म्हणून आताही विचारलं. म्हणाली, माझ्याकडचं काही धाडू नकोस आता तिला.

तुझा,
दादा