मध्यधारेतून परत आलेली शैलजा

कांचघर, जबलपूर

तीर्थरूप कुंदाताईस,

तुझ्या धाकट्या श्रीरंगचा साष्टांग नमस्कार (कागदावरच, प्रत्यक्षात खाली गेलो तर उठवायला दोन माणसं लागतील). नवा खुबा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच चाल, शेजारणींना चालून दाखवू नकोस. भावजयीच्या अस्थिविसर्जनाला नागपूरहून येता आलं नाही म्हणून हळहळही नको, कारण विसर्जन झालंच नाही.

झालं असं, की शैलजाचा कलश घेऊन आम्ही ग्वारीघाटाला नावेत बसलो. मी, तिचे थोरले बंधू भय्यासाहेब, त्यांचा विपुल, गुरुजी आणि शैलजाच्या शाळेतली जुनी विद्यार्थिनी ऋचा, जी आता डॉक्टर आहे. नाव मध्यधारेत आली, गुरुजींनी मंत्र सुरू केले, मी कलशाचं फडकं सोडायला लागलो आणि भय्यासाहेब ताडकन उभे राहिले (नावेत उभं राहू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं). म्हणाले, "थांबा! शैलूची परिक्रमा बाकी आहे ना! नदीत काहून आणून राहिले तिला?"

परिक्रमेचा नियम तुला ठाऊक आहे. नर्मदामाई उजव्या हाताला ठेवून पूर्ण नदी पायी फिरायची, आणि फेरा पुरा होईपर्यंत तिच्यात नाव घालायची नाही की पूल ओलांडायचा नाही. शैलजानं निवृत्तीनंतर याच घाटावरून पाऊल उचललं, अमरकंटकला वळली, समुद्र गाठला आणि उत्तर तीरानं परत येताना बरमानला तापानं आडवी झाली. मी टॅक्सी घेऊन आणायला गेलो. सरळ रस्ता पुलावरून. अंग भाजत असलेली बाई म्हणाली, "पूल नको." दमोहकडून सगळा वळसा घालून आणली, ड्रायव्हर वाटभर माझ्याकडेच बघत होता, जणू ताप मला चढलाय. पुढे ताप उतरला, पण हृदयानं परत निघू दिलं नाही. बरमान ते ग्वारीघाट तेवढं राहिलं. आणि अशा बाईला आम्ही शहाणे नावेत घालून निघालो होतो.

मग भर नदीत शास्त्रार्थ. गुरुजी म्हणाले, "देह गया, नियम गया." भय्यासाहेब म्हणाले, "तुमचा गेला असेल, शैलूचा नाही." विपुलला मराठी समजतं, पण तोंडातून हिंदीच निघते, तो म्हणे, "बाबा, बीच नदी तक आना पार करना थोड़ी होता है." नाव हेलकावे खात होती आणि मी कलश पोटाशी धरून बसलो होतो.

तेवढ्यात ऋचा बोलली. शैलजा समुपदेशक होती, म्हणजे मुलांना उपदेश करत असेल असा माझा जन्मभर समज. तसं नव्हतं. रडत आलेल्या पोरापुढे ती रेल्वेचं टाइमटेबल ठेवायची आणि सांगायची, इटारसी न लागता दिब्रुगडला कसं जाशील ते शोध (तिला स्वतःला तिथे जायचंच असायचं, हेही खरं). गाड्या जोडता जोडता पोर रडणं विसरायचं आणि आपोआप बोलायला लागायचं. ऋचा दहावीत घर सोडून निघाली होती. शैलजानं तिला अडवलं नाही. म्हणाली, "जा, पण परतीची गाडी आधी शोधून ठेव." ऋचा टाइमटेबल चाळत संध्याकाळपर्यंत बसली आणि घरी गेली. हे सांगून ती म्हणाली, "बाईंनी कुणाला अर्ध्यात सोडलं नाही, काका. आपण त्यांना कसं सोडायचं?"

ताई, मी या बाईबरोबर जन्म काढला. तिच्या बॅगा स्टेशनावर वाहिल्या. पण ती केवढी होती हे मला त्या नावेत कळलं. नावाड्यानं न विचारताच नाव वळवली.

आता कलश अंगणातल्या पेरूच्या फांदीला बांधलाय. शेवटचं आजारपण सोडलं तर एवढे दिवस सलग ती घरी कधी राहिली नव्हती. उरलेली वाट कोण चालणार यावर बैठक झाली. भय्यासाहेबांची कंबर धरलेली. विपुलला रजा नाही. मी तर ओमतीच्या बाजारापर्यंत जायचं तरी ओव्याची पुडी खिशात ठेवणारा माणूस. शेवटी ठरलं, की विपुल रविवारी गाडीनं उत्तर तीरावरून कलश फिरवून आणेल. सगळ्यांनी समाधानानं चहा घेतला. तेव्हा काळजी नसावी.

तुझा,
श्रीरंग

ता. क. : गाडीचं रद्द. रविवारी बरमानहून मीच पायी निघतोय. भय्यासाहेबांना बोलू नकोस, ते मला कुलपात ठेवतील. ओमतीवरून कॅनव्हासचे बूट आणले. दुकानदारानं विचारलं, "अंकलजी, मॉर्निंग वॉक?" मी हो म्हटलं.

ता. क. दुसरा : पत्र खरं यासाठी लिहिलं. शैलजा कुठेही गेली तरी मुक्कामाला पोचल्यावर फोन करायची. "पोचले," म्हणायची. मी विचारायचो, "जेवलीस का?" आमचा निम्मा संसार एवढ्यावर झाला. आता जाणारा मी, आणि घरी फोन उचलायला कुणी नाही. रोज संध्याकाळी तुला लावीन. बाकी काही बोलू नकोस, रडू तर मुळीच नकोस. फक्त जेवलास का, एवढं विचार.