पेपरात बरा झालेला नवरा

डनबी, लिंकनशायर
सोमवार

प्रिय लव्हिनियास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

कागदाची काळी कड बघून छातीत धस्स होऊ देऊ नकोस. आई गेली तेव्हा आणलेल्या सुतकी कागदांचा गठ्ठा उरलाय, आणि चांगला कागद पुढच्या मरणाची वाट बघत कपाटात पिवळा पडू द्यायचा, हे मला पटत नाही. तेव्हा खुर्ची ओढ, चहा ओतून घे आणि पत्र पहिल्यापासून वाच. (तू शेवट आधी वाचतेस, मला माहीत आहे. या खेपेला तसं केलंस तर तुला माझी शपथ आहे.) तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण ती तू कळवलीच आहेस. छातीतली गाठ अक्रोडाएवढी झाली, शेफील्डच्या इस्पितळातले सर्जन म्हणतात की लगेच या, अजून काढता येईल. आणि तू म्हणतेस की कापून घेण्यापेक्षा ईनस भावोजींना ज्या अर्काने बरं केलं त्याच्या दोन बाटल्या पाठव. बाटल्यांचं सांगते. पण आधी त्या अर्काची कथा ऐक, मग मागायच्या तर माग.

ईनसच्या पोटात दुखायला लागलं ते गेल्या उन्हाळ्यात. पहिले काही दिवस मीच त्याची डॉक्टर होते. मोहरीचा लेप लावला, त्याने कातडी भाजून निघाली. गंधक आणि काकवी चाटवली, त्याने जे झालं ते सभ्य बाईने पत्रात लिहू नये. हंसाची चरबी चोळली, तर मांजर रात्रभर त्याच्या पोटावरून उतरेना. शेवटी डॉक्टर प्रिंगलना बोलावलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, लिंकनला जा, आत्ता गेलास तर सर्जनला काहीतरी करता येईल. ईनस जायला तयार होईना. आयुष्यभर जोड्यांचं चामडं कापणारा माणूस, पण कोंबडी कापायची तर तोंड फिरवून उभा राहायचा. आणि नेमक्या त्याच शनिवारी बाजारात मिस्टर टिबल अवतरले. उंच टोपी, हातात एक बरणी, बरणीत लांबलचक जंत (हा कुणा सरदाराच्या पोटातून निघाला म्हणे, सरदारांच्या पोटातसुद्धा आपल्यासारखंच असतं हे ऐकून बाजाराला बरं वाटलं), आणि मागे रचलेल्या बाटल्या: प्रोफेसर व्हिप्पल यांचा जीवनदायी अर्क. पोट, पित्त, बायकांचे आजार आणि खिन्नता, सगळ्यांवर एकच चमचा.

आता आपलं घर कसं आहे ते तुला माहीत आहे. ईनसने लग्नाआधी चॅपलमध्ये दारूला कधी शिवणार नाही अशी शपथ घेतली आणि त्या शपथेचा कागद चौकटीत घालून शेकोटीवर टांगला. आमच्याकडे ख्रिसमसच्या पुडिंगमध्येसुद्धा ब्रँडीचा थेंब पडलेला नाही. तर त्याने पहिला चमचा घेतला, गालांवर लाली आली. दुसरा घेतला, दुखणं गेलं. तिसरा घेतला आणि त्याने भजन धरलं, तेही ठेक्यात, आणि भेटायला आलेल्या पाद्रीबाईंना सांगितलं की तुमची टोपी अगदी अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखी दिसते. मी गुडघ्यावर बसून देवाचे आभार मानले. माणूस बरा झाला की असाच खुलतो, असं वाटलं मला. जन्मात प्यालेला माणूस जवळून पाहिला नव्हता, तर कळणार कसं? एकट्या मलाच नव्हे, चॅपलमधल्या एकालाही कळलं नाही. उलट बायकांनी आपापल्या घरी बाटल्या नेल्या आणि त्या हिवाळ्यात आमच्या चॅपलचं गाणं अख्ख्या जिल्ह्यात गाजलं.

डॉक्टर प्रिंगलनी मात्र बुचाचा वास घेतला आणि खो खो हसले. मग हसायचे थांबले. "केझाया, ही जिन आहे. लवंगा घातल्यात आणि वर अफू. दुखणं जागच्या जागी आहे, फक्त त्याला ऐकू येईनासं झालंय. गाडीत घाल आणि ने लिंकनला." ईनसने त्यांना दार दाखवलं. म्हणाला, "तुमच्या हातून झालं नाही ते बाटलीने केलं, म्हणून पोटात दुखतंय तुमच्या!" (कुणाच्या पोटात दुखत होतं ते देवाला माहीत.) आणि त्याच दुपारी त्याने मिस्टर टिबलना सांगून आपलं आभाराचं पत्र पेपरात छापवलं, नावगावासकट: डॉक्टरांनी हात टेकलेले, डनबीचे चर्मकार ईनस थर्लबी, आज ठणठणीत. तुझ्या हाती लागला तो हाच पेपर.

इथून पुढे हसू येईल तर हस, मला आता येत नाही. छापून आल्यावर माणसाला आजारी पडायची सोय राहत नाही. लोक गाड्या करून, पायी, कुबड्या घेऊन फाटकाशी यायला लागले, बरा झालेला माणूस बघायला. ईनस रविवारचा कोट चढवून बाहेर जायचा, छातीवर मूठ मारायचा, गावच्या पाण्याच्या पंपापर्यंत ताठ चालत जायचा आणि परत यायचा. आत आला की दाराच्या मागे भिंत धरून बसायचा. आधी चमच्याने घ्यायचा, मग कपाने घ्यायला लागला. कोट अंगावर लोंबायला लागला, तेव्हा मी पाठीवर टाचण्या लावून तो आवळायची, म्हणजे समोरून मापाचा दिसावा. "आज नको जाऊस रे," म्हटलं, तर म्हणायचा, "एवढ्या लांबून आलेत बिचारे, त्यांचा धीर सुटेल."

एकदा एक शेतकरीण आली, गाडीत नवऱ्याला निजवून. ईनस तिला चालून दाखवत होता. बाई हुशार, ती त्याच्या मागून गेली आणि तिला पाठ दिसली. एक टाचणी सुटली होती ती नीट लावली, माझ्याकडे पाहिलं, गाडीत चढली आणि हाकणाऱ्याला म्हणाली, "वळव. लिंकनच्या इस्पितळात घे." परवा ती अंडी घेऊन आली होती. नवऱ्याला कापलं, तो किंचाळला, शिव्या दिल्या, तापाने फणफणला, आणि आता औत धरतोय.

तेव्हा बाटल्या पाठवत नाही. तू सर्जनकडे जा. मुलांना मावशीचे पापे दे.

तुझी बहीण,
केझाया

ता. क. : सुतकी कागदाचा गठ्ठा गेल्या वर्षीच संपला. हा कागद नवा आहे. ईनस गुरुवारी गेला गं. हे वर लिहिलं असतं तर तू ॲप्रनमध्ये तोंड खुपसून रडत बसली असतीस आणि पुढचं वाचलं नसतंस, आणि मला ते तुला वाचायला लावायचं होतं. त्याला रविवारच्या कोटातच पुरलं. त्याआधी टाचण्या मी एकेक करून काढल्या. केवढा मोठा झाला होता कोट!

ता. क. २ : या आठवड्याच्या पेपरातही तो ठणठणीतच आहे. मिस्टर टिबलना विचारलं तर म्हणाले, "बाई, पत्र लिहिलं तेव्हा तर बरे होते ना?" लोक अजून फाटकाशी येतात. मी त्यांना चॅपलमागचं नवं थडगं दाखवते. काही जण तरीही विचारतात की बाटली कुठे मिळेल.

ता. क. ३ : बुधवारच्या गाडीने मी येतेय. तुझा हात धरून इस्पितळात नेणार, आणि तू ओरडत असशील तेव्हा बाहेर बाकावर बसणार. पण माझंही एक काम आहे तुझ्याकडे. ईनसची शेवटची बाटली मी टाकलेली नाही. चॅपलच्या बायकांना वाटतं, आठवण म्हणून ठेवली आहे. झोपताना शेकोटीवरची ती शपथ भिंतीकडे फिरवते आणि एक चमचा घेते. काल दोन घेतले. बाटली माझ्या पिशवीत तळाशी असेल, मोज्यात गुंडाळलेली. मी दारात पाय टाकला की ती काढून घे आणि मोरीत ओत. मी रागावेन, रडेन, तुला वाट्टेल ते बोलेन. ऐकू नकोस.