मोटरीवर फोडलेला नारळ

चि. हौसराव,

यंत्राची पूजा करणारा माणूस कृतज्ञ असतो, हे मान्य. पण खंडेनवमीला तू नारळ नावेच्या मोटरीवरच फोडलास आणि पाणी रेसच्या मुठीवर ओतलंस, तेव्हा तुझी कृतज्ञता पार आतल्या वायरीपर्यंत पोचली. वर हळदकुंकू, तेही चिमटीनं नाही, ओंजळीनं. मी बोललो तर म्हणालास, "दादा, देवाचं पाणी हाय, त्यानं काय हुतंय?"

हे होतंय. आज सकाळी अनूला, म्हणजे तुझ्या सख्ख्या पुतणीला, डिप्लोमाच्या पेपरला पलीकडं सोडायचं होतं. मूठ दोन्ही हातांनी पिळली तरी फिरेना, रेस वाढेना. भीमेत नाव अशी चालली, की काठानं जाणाऱ्या म्हशी पुढं गेल्या. पोरगी रडायला लागली. शेवटी परत फिरलो. आता तिला मोटरसायकलवर पुलावरून नेतोय. पेपर अकराचा आहे. वेळेत पोचलो तर तुझं नशीब.

उठलास की चहाआधी मूठ खोल, वायर बाहेर काढून रॉकेलनं धू आणि ग्रीस लाव. गोडेतेल नको. बायकोला पुन्हा आरतीचं ताट आणायला लावू नकोस. उद्या अनूचा दुसरा पेपर आहे. नाव चालली नाही, तर मला तोंड दाखवू नकोस.

दादा

ता.क. मुठीखाली एक स्क्रू आहे, तो आवळला की मूठ घट्ट होते. रेस आपोआप उतरते म्हणून काल तो मीच आवळला होता.