टाकीतलं पाणी आणि खाडीतलं पाणी

मी, खाली सही करणारी, कालवांच्या हॅचरीची मालकीण, सगळ्या किनाऱ्याला टाकीवाली म्हणून ठाऊक, वय सत्तरीच्या पुढे, धंदा कालवांचं बीज वाढवून विकणे, आज पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी फुप्फुसं कामातून गेली आहेत, डोकं नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. तो देण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी म्हटलं, आले तेव्हा बुधवार होता, तुमच्या बाकावर बसून बसून बदलला असेल तर माहीत नाही.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं. ते या लेखाने रद्द समजावं. कारण शेवटच्या कलमात आहे.

कलम १. हॅचरीच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर थोरली लेक आणि धाकटा मुलगा यांना समसमान. बँकेत जे आहे तेही तसंच वाटावं. भांडण्याइतकं ते नाही. खालच्या पंपामुळे जमीन सदा थरथरते, त्यामुळे ताटं मांडणीच्या कडेला ठेवू नयेत. मुलगा शहरात खोल्या गार करायची यंत्रं विकतो. खोली गार होते आणि बाहेरचा रस्ता तापतो, हे मी त्याला एकदा जेवताना ऐकवलं. तो म्हणाला, "आई, मी नाही विकली तर दुसरा कोणीतरी विकेल." मी त्याला आणखी भाजी वाढली. दुसरं काय करणार होते?

कलम २. पाण्याचा आंबटपणा मोजायचं मीटर, जाळ्या, बादल्या आणि सोड्याची पोती थोरलीला. ज्यांना आमचा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. कालवाचं पिल्लू डोळ्यांना दिसतही नाही, पण जन्मल्याबरोबर त्याला अंगावर कवच बांधायचं असतं. जगभरचा धूर समुद्र पितो, पाणी आंबटतं, आणि पिल्लाला ते बांधता येत नाही. आम्हाला हे काही माहीत नव्हतं. एका हंगामात सगळं बीज मेलं, जाळीवर सायीसारखा थर धरला. आम्ही रोग समजलो. टाक्या घासल्या, खाणं बदललं, आमचे हे तर पंपाच्या मेस्त्रींवर उखडले. थोरली तेव्हा प्रयोगशाळेत नोकरीला होती. ती आली, तिने मीटर बुडवलं आणि म्हणाली, "आई, पिल्लांना काही झालेलं नाहीये. पाणीच बिघडलंय."

तेव्हापासून आम्ही आंबटपणा मारायला टाकीत धुण्याचा सोडा विरघळवतो आणि बीज जगतं. लोक बघायला येतात, फोटो काढतात, म्हणतात की उपाय सापडला. सापडला, टाकीपुरता. बीज मोठं झालं की खाडीत सोडावंच लागतं, आणि तिथे त्याची कवचं बोटाने दाबली तरी तडकतात. ती दाबून बघायची सवय मला लागली आहे. चांगली नाही.

कलम ३. समुद्री शेवाळ लावायचे सगळे दोर जाळी विणणाऱ्या शेजारणीला. दिवसा शेवाळ पाण्यातला आंबटपणा खातं, म्हणून आम्ही खाडीतल्या कालवांच्या पिंजऱ्यांभोवती दोर लावले होते. रात्री तेच शेवाळ खाल्लेलं परत ओकतं, हे नंतर कळलं. दोर मजबूत आहेत, कपडे वाळत घालायला चालतील.

कलम ४. अंगणातला रिकाम्या कवचांचा ढीग धाकट्या दिरांना. हे कलम त्यांना कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं, नाहीतर ते अर्ध्यातच उठून जातील.

भाऊजींची चुन्याची भट्टी आहे. दोघा भावांनी डोकं चालवलं की हीच कवचं भाजून चुना करायचा आणि खाडीच्या तोंडाशी टाकायचा. समुद्राचीच वस्तू समुद्राला परत. आम्ही होड्या भरभरून चुना नेला, तोंडं पांढरी करून घरी आलो. मीटरवरचा आकडा सुधारला. भाऊजींनी सगळ्या धक्क्याला चहा पाजला. माझ्या आयुष्यात मी इतकी खूश क्वचितच झाले असेन. ओहोटी लागली आणि चुना गेला तिच्याबरोबर. आम्ही पुन्हा नेला, पुन्हा गेला. शेवटी थोरलीने गणित मांडलं. कवचं भाजताना निघणारा वायू आणि भट्टीतल्या कोळशाचा धूर धरला, तर चुना जेवढं सुधारत होता तेवढं आम्हीच पुन्हा बिघडवत होतो.

तिने हे हळूच सांगितलं, तरी भाऊजी ताडकन उठले. "सगळ्या जगाची धुराडी सोडून तुला माझीच भट्टी दिसली का गं?" मला म्हणाले, "वहिनी, पोरीला शिकवलंत ते घरच्यांचं नाक कापायलाच का?" त्यानंतर ते आमच्या दाराशी फिरकले नाहीत. यांच्या शेवटच्या आजारपणातही नाही, आणि ते मी विसरलेले नाही. तरी आज लिहून ठेवते की जगाच्या धुराड्यांबद्दल ते खरं बोलले होते. ढीग त्यांचा. भाजायचा की नाही ते त्यांनी ठरवावं. त्याने समुद्राचं काही घडणार नाही आणि बिघडणारही नाही.

कलम ५. माझ्या देहाचं दहन करावं आणि राख खाडीत सोडावी. राखेनेही आंबटपणा मरतो. हे मी थोरलीला सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला. "आई, मूठभर राखेनं काय होणारे?" मी म्हटलं, आजवर आपण दुसरं काय टाकलं? मग दोघी हसलो. हसता हसता मला खोकल्याची उबळ आली आणि ती रडायला लागली.

कलम ६. हॅचरी, टाक्या, पंप आणि धक्क्यावरची जागा.

आधीच्या मृत्युपत्रात हे सगळं मी धाकट्याच्या नावे केलं होतं. तो विकून टाकणार हे ठाऊक होतं, म्हणूनच केलं होतं. थोरली नोकरी सोडून इथे आली ती वर्षभरासाठी, आणि राहिलीच. सोड्याने तिचे हात फाटले आहेत. हॅचरी गेली की पोर सुटेल, असा माझा बेत होता. वकीलबाईंकडून कागद घरी आले ते तिनेच उघडले. घरचं टपाल तीच उघडते, हे माझ्या लक्षातच राहिलं नाही.

ती भांडली नाही. खाली गेली, टाक्यांचं काम उरकलं, वर आली आणि म्हणाली, "विक, आई. खरंच विक. फक्त मी जाऊ कुठे तेवढं सांग."

"लांब डोंगरावर जा."

"तिथं काय करू?"

"मुलांना शिकव."

"काय शिकवू? हेच ना?"

गावातल्या प्रत्येकाला तोंडावर उत्तर देणारी मी, पोटच्या पोरीला जा म्हणायला मला जागा सुचेना. मग विचारलं, "होईल का गं काही यातून?"

"टाकीत होईल."

"आणि बाहेर?"

"बाहेरचं आपल्या हातात नाही, आई. जाळणं थांबवलं लोकांनी, तर..."

म्हणून हॅचरी थोरलीची, पूर्ण आणि बिनशर्त. बीज पुन्हा मरायला लागलं तर तिने टाक्या बंद करून निघून जावं, अशी अट मी घालणार होते. वकीलबाई म्हणाल्या, अट पाळली जाते की नाही ते बघणार कोण? ते खरंच. धाकट्याने या कलमावर हक्क सांगू नये. तो सांगणारही नाही, मनाने चांगला आहे.

सासऱ्यांनी आम्हाला हा धंदा दिला तेव्हा सोबत समुद्रही दिला होता. तो कागदावर लिहावा लागला नाही. मी लेकीला टाक्या देते, पंप देते, मीटर देते. समुद्र मला देता येत नाही. याबद्दल तिने मला माफ करावं असं इथे लिहिणार होते. पण तिने ते कधीच केलं आहे, एक शब्दही न बोलता, आणि तेच मला सोसवत नाही.

सही: टाकीवाली

साक्षीदार:
१. पंपाचे मेस्त्री. बाईंनी आमच्यासमोर वाचून सही केली. कागदाखालची पाटी मी धरली, सही त्यांचीच.
२. डॉक्टर. वरीलप्रमाणे. शुद्धीबद्दल शंका नाही.

वकीलबाईंची नोंद: थोरल्या लेकीला वारस म्हणून सहीच्या वेळी खोलीबाहेर ठेवलं. ती खाली टाक्यांवर होती.

ठिकाण: हॅचरीच्या वरची पुढची खोली
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्याप्रमाणे